ओहायोकाठचे दोन साडू

बायको आपण निवडतो, निदान तसा समज करून घेतो. साडू मात्र पदरात पडतो. अमेरिकेतलं गावही तसंच. माझ्या पदरात पिट्सबर्ग पडलं, साडूभाऊंच्या पदरात सिनसिनाटी. नोकरीचं पत्र हातात येईपर्यंत दोघांनाही आपापलं गाव नकाशावर दाखवता आलं नसतं. आता मात्र आम्ही असे बोलतो, जणू पणजोबांनी तिथं चौसोपी वाडा बांधला होता. कर्जाचं आणि अभिमानाचं काहीतरी नातं असावं. घराचे जितके हप्ते बाकी, तितका गावाचा अभिमान कडक.

पंचाईत अशी की, ही दोन गावं भांडायला अतिशय गैरसोयीची आहेत. २०२० च्या जनगणनेत पिट्सबर्ग भरलं ३,०२,९७१ आणि सिनसिनाटी ३,०९,३१७. सांगली-मिरज-कुपवाड यापेक्षा मोठं. उपनगरं धरली तर दोन्हीकडे बावीस-चोवीस लाख. दोन्हीकडे टेकड्या, दोन्हीकडे ढग, दोन्हीकडे कारखान्यांचा जुना धूर आणि तो गेल्याचं थोडं दुःख. दोन्हीकडची माणसं १९५० नंतर गळत गेली. आणि दोन्ही एकाच नदीवर. पण वरच्या त्या ६,३४६ माणसांच्या आघाडीवर साडूभाऊ अजून जगतात. "आमचं शहर मोठं," म्हणतात. ते स्वतः राहतात मेसनला, जिथून शहरापेक्षा किंग्ज आयलंड या करमणूक-उद्यानाचे पाळणे जवळ. सिनसिनाटीच्या आकड्यात ते मोजलेलेच नाहीत, याची मी त्यांना दर दिवाळीला फोनवर आठवण करून देतो.

हे असंच चाललं असतं, पण सासूबाई सहा महिन्यांच्या मुक्कामाला आल्या. तीन महिने धाकटीकडे, म्हणजे आमच्याकडे, आणि तीन महिने थोरलीकडे. दोन्ही जावयांना एकदमच सुचलं की, अरे, हा तर पंच!

सासूबाईंचं माहेर कऱ्हाड, सासर सांगली. मी पहिल्याच आठवड्यात त्यांना पॉइंटवर नेलं. इथं उत्तरेकडून अलेगेनी येते, दक्षिणेकडून मनाँगहीला येते आणि दोघी मिळून ओहायो होतात. सासूबाई कठड्याला टेकून बराच वेळ पाहत राहिल्या. "हा तर आमचा प्रीतिसंगम," त्या म्हणाल्या. "आणि ही पुढं जाते कुठं?"

"सिनसिनाटीला. नदीनं ४७० मैल."

"म्हणजे तुमचं कऱ्हाड आणि थोरल्या जावयांची सांगली."

माहेर माझ्या वाट्याला आल्यामुळे मी त्या रात्री साडूभाऊंना मुद्दाम फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "अहो साडूभाऊ, आमचं पिण्याचं पाणी ओहायोतूनच येतं. तुमच्याकडे मोठा पाऊस झाला की जुनी गटारं नदीत ओसंडतात, हे काय आम्हाला ठाऊक नाही? तुम्ही अंघोळ करता, आम्ही गाळून पितो. वर अभिमान तुम्हाला!" यावर मला उत्तर सुचलं नाही. गटारं खरंच ओसंडतात. त्यांचीही ओसंडतात, पण ते नदीच्या खालच्या अंगाच्या लुइव्हिलवाल्यांनी बोलायचं.

खरी अडचण पुराची झाली. सांगलीच्या माणसाला नदी दाखवली की तो पाण्याकडे पाहत नाही, पुलाच्या खांबाकडे पाहतो. आयर्विन पुलाखाली किती फूट, या एका आकड्यावर तिथं पावसाळ्यात संसार चालतात. २०१९ मध्ये तो ५७ फुटांच्या वर गेला, तेव्हा सासूबाई गच्चीवर होत्या. "इथं किती आलं होतं?" त्यांनी विचारलं. मी १९३६ चा मार्च सांगितला. बर्फ वितळलं, वरून पाऊस, पाणी ४६ फुटांवर. मला वाटलं, त्या हळहळतील. त्या म्हणाल्या, "एवढंच?"

साडूभाऊंकडे १९३७ चा जानेवारी होता. जवळजवळ ८० फूट. तो त्यांनी फोनवर असा सांगितला की, जणू पाणी त्यांनी स्वतः ओढून आणलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "ऐंशी! जावईबापू, तुमचं काहीच नाही हो." प्रत्येक गावात फूट कुठून मोजायचे ते वेगळं असतं, त्यामुळे ही तुलना शास्त्रीय नाही, असं मी म्हणून पाहिलं. "हरलेला माणूस शास्त्र काढतो," असा निकाल मिळाला. दुसऱ्यापेक्षा आपलं गाव जास्त बुडालं होतं, यावर छाती फुगवणारे दोन जावई सासूबाईंनी याआधी पाहिले नसावेत.

मग मी पूल काढले. पिट्सबर्गात ४४६ पूल आहेत, असं इथला प्रत्येक माणूस सांगतो. मोजायला कुणी गेलेलं नसतं. "आता ४४५," साडूभाऊ लगेच म्हणतात. २८ जानेवारी २०२२ च्या पहाटे फर्न हॉलोचा पूल बससकट खाली गेला. नेमके त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बायडन देशातल्या पूल-रस्त्यांच्या दुरुस्तीवर बोलायला पिट्सबर्गात येणार होते. कुणी दगावलं नाही, म्हणून हसता येतं. एखाद्या शहरानं पाहुण्यांसाठी इतकी तयारी केलेली माझ्या ऐकिवात नाही. वर्ष संपायच्या आत तिथं नवा पूल झालासुद्धा, पण साडूभाऊंची मोजदाद तिथंच अडकली आहे.

त्यांच्याकडचा मानाचा पूल एकच, रोबलिंगचा झुलता पूल, १८६६ सालचा. ब्रुकलिन ब्रिजचा आराखडा करणाऱ्या त्याच रोबलिंगनं तो आधी बांधला. त्यांचा हा हुकमी एक्का. पण रोबलिंगसाहेबांनी तारेचे दोर वळायला सुरुवात केली ती पिट्सबर्गजवळच्या सॅक्सनबर्गात. म्हणजे पूल यांचा, दोर आमचा. हे मला कळलं त्या दिवशी घरात गोड केलं होतं.

आमचं घर ग्रीनफिल्डच्या चढावर. पिट्सबर्गात चढ हा शब्द जपून वापरावा लागतो, कारण इथं कँटन अव्हेन्यू नावाचा एक रस्ता आहे, तो शंभर फूट पुढं जाताना सदतीस फूट वर चढतो. ज्या टेकड्यांवर तेवढंही जमलं नाही, तिथं जिने केलेत. सातशेच्या वर सार्वजनिक जिने, आणि त्यातले कित्येक नकाशावर रीतसर रस्ते म्हणून नोंदलेले. नवीन माणूस फोनमधल्या बाईच्या भरवशावर गाडी घेऊन येतो आणि बाई त्याला जिन्याच्या पायरीशी आणून सोडते. सासूबाईंचे गुडघे पहिल्या आठवड्यातच सिनसिनाटीच्या बाजूनं झुकले. मग मी त्यांना १८७७ पासून डोंगर चढणाऱ्या डुकेन इन्क्लाइनच्या लाकडी डब्यात बसवलं. अशा दोन गाड्या आमच्याकडे अजून चालतात. सिनसिनाटीत पाच होत्या. शेवटची १९४८ साली बंद पडली. हे मी सासूबाईंना वर चढताना एकदा आणि उतरताना एकदा सांगितलं.

पिट्सबर्गात त्यांना खरं आवडलं ते वेगळंच. इथं गल्लीत गाडी लावायला जागा नसते, म्हणून माणसं आपल्या जागेवर घरातली एखादी मोडकी खुर्ची ठेवून कामाला जातात. या खुर्चीला कायद्याचा काडीचा आधार नाही, पण तिला हात लावायची कुणाची छाती होत नाही. सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. एका दुपारी ऊन पडलं, आणि पिट्सबर्गात ऊन पडणं ही सांगण्यासारखी गोष्ट आहे. समोरच्या शेजाऱ्याची खुर्ची रस्त्यात रिकामी दिसली. त्या ताटात तांदूळ घेऊन तिच्यावर जाऊन बसल्या. इथल्या तांदळात खडा शोधून सापडत नाही, पण निवडल्याशिवाय त्यांच्या घशाखाली भात उतरत नाही. शेजारी कामावरून आला. आपल्या खुर्चीवर साडीतली आजी पाहून त्यानं गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावली, चालत आला आणि "हॅव अ गुड डे, मॅम" म्हणून घरात गेला. "माणसं फार सज्जन हो," त्या म्हणाल्या. त्यानंतर आमच्या गल्लीत तांदूळ निवडणं सुरू झालं की रहदारी बदलायची.

शेजारच्या मुलीच्या लग्नातही त्या रमल्या. इथं लग्नात कुकी टेबल मांडतात. दोन्हीकडच्या मावश्या-आज्या महिनाभर बिस्किटं भाजतात आणि त्यांचे डोंगर एका लांबलचक टेबलावर रचतात. वर खोकी ठेवलेली असतात, जाताना भरून न्या. सासूबाईंनी टेबलाला पूर्ण फेरी मारली आणि माझ्या कानात विचारलं, "मुलाकडची कुठली आणि मुलीकडची कुठली?" उत्तर मिळेपर्यंत त्यांनी एकही उचललं नाही.

टॉवेलच्या बाबतीत मात्र घात झाला. १९७५ साली मायरन कोप नावाच्या रेडिओवरच्या समालोचकानं स्टीलर्स या इथल्या फुटबॉल संघाच्या प्रेक्षकांना पिवळे टॉवेल फिरवायला लावले. तेव्हापासून टेरिबल टॉवेल ही इथली पूज्य वस्तू. माझा टॉवेल मी सामना संपल्यावर घडी घालून ठेवतो. सासूबाईंनी त्यानं ओटा पुसला. वर त्याचा फोटो बायकोनं ताईला पाठवला. साडूभाऊंचा आनंद मला इथपर्यंत ऐकू आला. त्यांचे बेंगॉल्स तीनदा सुपर बोलपर्यंत गेले आणि तिन्ही वेळा हरून आले. आमच्याकडे सहा सुपर बोल आहेत. पण ओटा पुसलेल्या टॉवेलच्या फोटोपुढं सहा काय आणि साठ काय!

जुलैत सासूबाई सिनसिनाटीला गेल्या. सिनसिनाटीचं विमान केंटकीत उतरतं. शहर ओहायोत, विमानतळ नदीपलीकडे दुसऱ्या राज्यात. सासूबाईंचा पहिला फोन आला तो हाच: "यांच्या गावाला स्वतःचं विमानतळ पण नाही." मी मनातल्या मनात एक गुण मांडून घेतला. दुसरा फोन भुयाराचा. तिथं १९२० साली शहराखालून रेल्वे करायला घेतली. जुन्या कालव्याच्या जागी दोन मैलांहून लांब बोगदा झाला, स्थानकांचे फलाट बांधून झाले, आणि पैसे संपले. आजतागायत त्यातून एकही प्रवासी गेलेला नाही. कर्जरोखे मात्र १९६६ पर्यंत इमानेइतबारे फेडले. "अहो, चाळीस वर्षं न धावलेल्या गाडीचे हप्ते!" सासूबाई म्हणाल्या. ज्यांच्या सांगलीतल्या फ्लॅटचा ताबा बिल्डरनं सात वर्षं लटकवला होता, त्यांना हे शहर एकदम घरचं वाटायला लागलं. माझा अंदाज साफ चुकला. ज्या गोष्टीची साडूभाऊंना लाज वाटत होती, तिच्यामुळेच त्यांचं पारडं जड झालं.

आणि खाणं. पिट्सबर्गची खाद्यसंस्कृती म्हणजे बटाट्याचे तळलेले काप मिळेल त्यात घालणं. सँडविचमध्ये घालतात, सॅलडवरही घालतात. सिनसिनाटीत ग्रीक-मॅसिडोनियन स्थलांतरितांनी १९२२ च्या सुमारास सुरू केलेली चिली आहे. खाली स्पॅगेटी, वर दालचिनी-लवंगेच्या वासाचा खिम्याचा रस्सा, त्यावर चीजचा डोंगर. त्याला थ्री-वे म्हणतात. कांदा किंवा घेवडा घातला की फोर-वे, दोन्ही घातले की फाइव्ह-वे. काळ्या घेवड्याचं शाकाहारी रूपही मिळतं. सासूबाईंनी ते घेतलं, नाकाजवळ नेलं आणि जाहीर केलं की मसाला बरोबर आहे, फक्त खोबरं भाजायचं राहिलं. त्याच आठवड्यात त्यांनी मेसनमध्ये खोबरं भाजलं. साडूभाऊंच्या घरचा धुराचा भोंगा कॉलनीनं ऐकला.

मी गप्प बसणार नव्हतो. सिनसिनाटीला एकेकाळी पोर्कोपोलिस म्हणायचे. एवढी डुकरं तिथं कापली जायची. त्यांच्या चरबीवर मेणबत्त्या आणि साबणांचे धंदे उभे राहिले. १८३७ चं प्रॉक्टर अँड गँबल त्यातलंच. आजही नदीकाठच्या बागेत पंखांची डुकरं उभी आहेत आणि शहराच्या मॅरेथॉनचं नावच फ्लाइंग पिग. साडूभाऊंचा पगार साबणातूनच येतो. ही सगळी माहिती मी सासूबाईंना श्रावणी सोमवारी फोनवर दिली. त्या क्षणभर थांबल्या. "पण साबण तो साबणच ना हो?" म्हणाल्या.

सिनसिनाटीत ओळख झाली की लोक पहिला प्रश्न विचारतात, हायस्कूल कुठलं? त्यावरून माणूस पूर्वेकडचा की पश्चिमेकडचा, कुठल्या चर्चचा, किती पैशाचा, हे सगळं ते ओळखतात. साडूभाऊ छातीठोकपणे "सातारा" म्हणतात. बरेच जण ते पश्चिमेकडे कुठंतरी असेल असं धरून चालतात. आमच्या दोन गावांचे किडेसुद्धा एकत्र येत नाहीत. सतरा वर्षं जमिनीखाली राहून बाहेर पडणारे सिकाडा आमच्याकडे २०१९ ला आले, त्यांच्याकडे २०२१ ला. आता आमचे २०३६ ला, त्यांचे २०३८ ला. साडूभाऊंना त्यांच्या किड्यांचा आवाज मोठा वाटतो.

सासूबाईंचं परतीचं तिकीट कोलंबसहून स्वस्त मिळालं, म्हणून दोन्ही घरं निरोपाला तिथं जमलो. मला एकशे पंच्याऐंशी मैल पडले, साडूभाऊंना जेमतेम त्याच्या निम्मे, आणि तरी दमल्याचं नाटक त्यांचंच जास्त. जेवायला बसल्यावर मी विषय काढला. आई, आता सांगून टाका.

सासूबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. रुंद रस्ते, एक चढ नाही, एक जिना नाही. "हे गाव केवढं?"

"नऊ लाख," बायको म्हणाली. "दोघांची मिळून होत नाहीत तेवढी."

"मग इथं का नाही हो घेतलं घर? दोघांनीही?"

"इथं?" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"इथं काय आहे?" साडूभाऊ म्हणाले. "सपाट नुसतं."

"नदी आहे म्हणे," मी म्हणालो. "पण ती काय नदी! पूर तरी आलाय का कधी इथं?"

ताईनं फोन काढला. "आलाय. १९१३. सायोटो नदीला."

"किती फूट?" सासूबाईंनी विचारलं आणि पर्समधून चष्मा काढला.