आपण वाचत नाही, म्हणून आमचे चालते

श्री. रिव्ह्यूअर महोदय यांस,
रात्रपाळीच्या प्रॉडक्शन सपोर्टचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, दर दुसऱ्या गुरुवारी दुपारी चारनंतर आपण जी कामगिरी बजावता, तिची दखल आजवर कुणी घेतलेली नाही. शुक्रवारी स्प्रिंट संपायचा असतो, डेमोची धावपळ चाललेली असते आणि नेमकी तेव्हाच चव्वेचाळीस फायलींची पुल रिक्वेस्ट आपल्या पुढ्यात येऊन पडते. अकराशे ओळी नव्या, सहाशे उडवलेल्या. हातातला चहा खाली न ठेवता आपण ‘एलजीटीएम’ (लुक्स गुड टु मी) एवढे टाइप करता आणि हिरवे बटण दाबता. पूर्वी राजपत्रित अधिकारी मूळ कागद न बघता सत्यप्रतींच्या गठ्ठ्यावर शिक्के मारीत. ती परंपरा बुडते की काय अशी धास्ती होती. आपण ती राखलीत.

आमची चूल त्यावर पेटते, म्हणून हे जाहीर आभार. आपण वाचू लागलात तर रात्री अडीचला आम्हाला उठवणार कोण, आणि नाइट शिफ्टचा भत्ता मंजूर होणार कशाच्या जोरावर?

काही नतद्रष्ट मंडळी १९७६ सालचे दाखले देतात. त्या वर्षी आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी कोड तपासणीची रीतसर पद्धत मांडली: आधी वाचून यायचे, बैठकीला मॉडरेटर, आणि बैठक दोन तासांपलीकडे ताणायची नाही, कारण त्यानंतर माणसाचे लक्ष उडते. दोन तास! आपल्याकडे तेवढ्यात तीन स्टोऱ्या ‘डन’च्या रकान्यात जातात. पुढे सिस्कोमध्ये झालेल्या एका पाहणीतून सल्ला निघाला की एका बैठकीत दोनशे ते चारशे ओळींवर वाचू नये, त्यापुढे चुका नजरेतून सुटू लागतात. आपण तर पहिल्या ओळीलाच थांबता. सल्ला याहून काटेकोरपणे कुणी पाळणार नाही.

‘आम्ही अ‍ॅजाइल आहोत’ हे आपले आवडते उत्तर. फेब्रुवारी २००१ मध्ये युटातल्या स्नोबर्ड येथे सतरा जणांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा काढला. रिव्ह्यू टाळा असे त्यात कुठे लिहिलेले आम्हाला तरी सापडले नाही. उलट सही करणाऱ्यांपैकी केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमध्ये दोघे जण एकाच मशीनपुढे बसून कोड लिहितात. ओळ उमटतानाच दुसऱ्याच्या नजरेखालून जाते. आमच्या व्यवस्थापनाने त्यातला स्टँडअप उचलला, रंगीत चिकटचिठ्ठ्या उचलल्या, आणि एका कामाला दोन पगार कशाला म्हणून जोडीदार तेवढा गाळला.

खरे सांगायचे तर यात एकट्या आपलाच पराक्रम नाही. प्लॅनिंग पोकरला पत्ते उघडतात तेव्हा लिहिणाऱ्याच्या नावावर आठ पॉइंट चढतात. वाचणाऱ्याच्या नावावर? भोपळा. सकाळच्या स्टँडअपला ‘काल मी दिवसभर दुसऱ्याचा कोड वाचला’ असे म्हणणाऱ्याकडे सगळे कसे बघतात, ते आपण अनुभवलेच असेल. वाचनाचा वेळ कोणत्याच बोर्डावर नसतो. मग तो आपण आणायचा कुठून?

तरी आपण कधीच वाचत नाही, असा आरोप करणारे अन्याय करतात. अकरा ओळींचा बदल आला की आपली प्रतिभा फुलते. व्हेरिएबलचे नाव लांबले, स्वल्पविरामानंतर जागा सुटली नाही, फंक्शन आणखी दोन ओळी वर हवे होते: चौदा शेरे! हे सारे लिंटर चुटकीसरशी सांगतो, पण त्याच्या सांगण्यात आपला करारीपणा नसतो.

एका जुन्या करामतीची आठवण मात्र अशा वेळी हटकून येते. अ‍ॅपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती, एकाखाली एक, समासही सारखाच. वरच्या ‘इफ’ला महिरपी कंस नव्हते. त्यामुळे पहिली ओळ अटीला बांधलेली आणि दुसरी मोकाट. अट काहीही म्हणो, प्रोग्रॅम थेट शेवटाकडे उडी घ्यायचा, सर्व्हरच्या सहीची पडताळणी मधल्यामध्ये राहून जायची, आणि तोवर चूक नोंदलेली नसल्याने निकाल यायचा ‘सगळे ठीक’. फेब्रुवारी २०१४ मध्ये ती ओळ काढली. म्हणजे ‘एलजीटीएम’ म्हणायची सवय यंत्रालाही लागते.

हार्टब्लीड हा दोष मात्र आपल्या बाजूचा साक्षीदार. ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्याच लायब्ररीत तो शिरला, आणि रीतसर रिव्ह्यू होऊन शिरला. समोरून सांगितलेली संदेशाची लांबी खरी आहे का, हे पाहणारी अट लिहायची राहिली. लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले नाही, तपासणाऱ्याच्याही नाही. एप्रिल २०१४ मध्ये बोभाटा झाला. वाचूनही सुटते तर वाचा कशाला, असे आपण म्हणालच. (जी ओळ लिहिलीच नाही ती डिफमध्ये हिरवी-लाल दिसत नाही, ती शोधायला डिफच्या बाहेरचा कोड उघडावा लागतो. असो.)

मायक्रोसॉफ्टमधल्या २०१३ च्या अभ्यासात वेगळेच निघाले. लोक रिव्ह्यू करत होते चुका सापडाव्यात म्हणून. चुका अपेक्षेपेक्षा कमी सापडल्या, पण एकाचा कोड दुसऱ्याला कळू लागला. हे मात्र आमच्या मुळावर येणारे आहे. परवा बिलिंग कोसळले तेव्हा तो कोड लिहिणारा लग्नासाठी गावी, फोन नॉट रीचेबल. अप्रूव्हर म्हणून आपले नाव दिसले, आम्ही आपल्याला उठवले. आपण अत्यंत नम्रपणे विचारलेत, ‘हे मॉड्यूल कशाचं आहे?’ आपल्याला ते ठाऊक असते तर आमचा ओव्हरटाइम तिथेच बुडाला असता.

धोका वाढतो आहे, सावध राहावे. गूगलने २०१८ मध्ये आपल्या रिव्ह्यूंची आकडेवारी मांडली, त्यात बदलाचा मध्यक होता अवघ्या चोवीस ओळींचा. एवढे छोटे तुकडे येऊ लागले तर न वाचायला सबब उरणार नाही. आमच्या टीममधली एक नवी मुलगी रेट्रोमध्ये म्हणाली, रिव्ह्यूलाही पॉइंट द्या. मॅनेजरांनी ते ‘पार्किंग लॉट’मध्ये टाकले, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
ऑन-कॉल

ता. क. : पेमेंटची पुल रिक्वेस्ट कालपासून आपली वाट पाहते आहे. डेटाबेस मायग्रेशनची फाइल सगळ्यात तळाशी आहे आणि फार स्क्रोल करावे लागते. उगाच तसदी घेऊ नये.