गोणपाट आणि पोर्टल

नोव्हेंबर उजाडला की आमच्याकडे दोन गोष्टी एकाच आठवड्यात येतात. शाळेत विद्यार्थी दिवस आणि रस्त्यावर ऊसतोडीच्या टोळ्या.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं. २०१७ पासून हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस. फोटोला हार, माइकची खरखर, सहावीतल्या मुलीचं पाठ केलेलं भाषण. भाषणात गोणपाट हमखास येतं. छोट्या भिवाला वर्गात कोपऱ्यात, गोणपाटावर एकटं बसावं लागे. ते गोणपाट वर्ग झाडणारा गडीही शिवत नसे, म्हणून संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळ शिपायानं सोडायचा. शिपाई नसेल तर पाणीही नाही. आंबेडकरांनी हे स्वतःच लिहून ठेवलंय. मुलगी थांबते, टाळ्या पडतात, पाहुणे म्हणतात, किती वाईट काळ होता तो.

नेमकं तेव्हाच कंपाउंडबाहेरून ट्रॅक्टर जातो. ट्रॉलीत बांबू, चटया, पिठाचा डबा, एक शेळी, एक म्हातारी आणि चार पोरं. बीडकडची मंडळी. मुकादमाकडून उचल घेतलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं कोयत्याच्या हिशेबात धरत नाहीत. शाळेच्या हिशेबात धरतात का, तर तेही विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलला विचारावं लागतं.

‘नाव तिकडच्याच शाळेत दिसतंय. दाखला आणा.’

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. गुरुजींना ते पाठ आहे, कारण प्रशिक्षणात त्यावर प्रश्न असतो. आता घेतलंच पोरगं, तर बसवायचं कुठं? मागं, दाराशी. मार्च-एप्रिलात हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की जाणारच आहे. गोणपाट नाही हो, चांगली सतरंजी असते.

आणि मग ते वाक्य येतं, जे मी आजवर किमान डझनभर स्टाफरूममध्ये ऐकलंय: ‘आम्ही भेदभाव मानतच नाही. आम्हाला सगळी मुलं सारखी.’

सारखी खरी, पण कुणासारखी? बाईंच्या घरातल्या मुलासारखी. बीडचं पोरगं ‘का’च्या जागी ‘कामून’ म्हणालं की वर्ग खिदळतो, बाईही ओठ दाबतात. याच बाई सांगलीहून पुण्याला डी.एड.ला गेल्या होत्या तेव्हा त्यांच्या ‘व्हय’वर होस्टेल हसलं होतं. पुण्यानं सांगलीला हसायचं, सांगलीनं बीडला. ऊस निदान हंगाम बघून लावतात, ही हसण्याची पेरणी बारमाही. त्या पोराला उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या किती आणि पैसे किती हा हिशेब तोंडी येतो, पुस्तकातलं उदाहरण मात्र ‘रमेशने बागेत लावलेल्या गुलाबां’चं असतं. त्याला गणित येतं, बाग नाही. प्रगतिपुस्तकात शेरा: गणित कच्चे.

सांगली जिल्ह्यातच जतच्या पूर्वेकडं जा. तिथं घरात कन्नड. मराठी वर्गात आलेलं पोर ‘वही आला, पुस्तक आला, खुर्ची मोडला’ असं बोलतं आणि मठ्ठ ठरतं. बिचाऱ्या कन्नडात निर्जीव वस्तू सरसकट नपुंसक. खुर्ची बाई का आणि टेबल मधलंच का, हे तुम्हाला तरी सांगता येईल? हे ज्या गुरुजींना ठाऊक असतं ते लिंगविचार शिकवतात, ज्यांना नसतं ते कान पिळतात. २०२२ च्या अखेरीस जतच्या चाळीस गावांवरून महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांत केवढी रणधुमाळी झाली. पुढं २०२४ मध्ये तिथल्या कन्नड शाळांवर मराठी माध्यमाचे शिक्षक नेमल्याची तक्रार झाली. म्हणजे गावांवर हक्क दोघांचा, मुलांच्या तोंडातली भाषा मात्र बेवारस.

वंशभेद म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते. आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या नातवाचं नाव तिकडच्या बाईंनी तीनदा चुकीचं उच्चारलं, तर इथं व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस सुतक. योग्यच आहे, नाव म्हणजे गंमत नव्हे. याच काकांच्या गावातल्या शाळेत हजेरीला ‘दगडू’ आणि ‘कचरू’ आले की अख्खा वर्ग हसतो. पूर्वीची मुलं जगेनात, म्हणून आईनं दृष्ट लागू नये यासाठी मुद्दाम ठेवलेलं नाव असतं ते. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. पण अभ्यासक्रम पुरा करायचा असतो ना.

वर्गातली पेन्सिल हरवली तर पहिलं दप्तर कुणाचं उघडतात, हे पारध्याच्या पोराला विचारा. काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारणारा कायदा इंग्रजांनी १८७१ ला केला. तो रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या. हे परिपत्रक काही वर्गांत अजून पोचलेलं नाही, टपालाचा घोळ असावा. आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की ‘एससी उभे राहा, बसा. आता एनटी उभे राहा.’ चिठ्ठी देऊन होणारं काम कवायत करून घेतात. ‘आम्ही जात बघत नाही’ म्हणणारेच हा हुकूम सोडतात. त्यांचंही खरं, ते बघत नाहीत, फक्त मोजतात.

साताऱ्यातच एका माणसानं वेगळं केलं होतं. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काले गावात काढली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह. कुठलं पोर कुठल्या घरातून, कुठल्या जातीतून आलंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सगळ्या पोरांना एका चुलीवर रांधायला लावलं आणि एका पंगतीत बसवलं. १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. वसतिगृहातलं धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. त्या काळी समावेशक शिक्षणाचं ऑनलाइन प्रमाणपत्र मिळत नसे, त्यामुळं करावंच लागे.

गेल्या हंगामात कऱ्हाडजवळच्या एका शाळेत गेलो होतो. समावेशक शिक्षणाच्याच एका प्रशिक्षणाचा दिवस. पडद्यावर ‘विविधता’ नावाची स्लाइड, त्यावर चार रंगांचे हात एकमेकांत गुंफलेले. त्यातला एकही ऊस तोडून चिरलेला नव्हता. आवारात मात्र पोषण आहाराची पंगत बसली होती. खिचडी वाढणाऱ्या ताईंना मुख्याध्यापकांनी सकाळी पट सांगितला होता एकेचाळीसचा. ऊसतोडवाल्यांच्या कोप्यांवरची पाच पोरं ताटल्या घेऊन पंगतीच्या टोकाला बसली, ताईंनी त्यांनाही वाढलं. मी विचारलं, ‘ही पोर्टलवर नाहीत ना?’

‘मला काय म्हाईत बाबा,’ त्या म्हणाल्या. ‘सर एकेचाळीस म्हंत्यात, मी मोजली तर शेचाळीस भरली. सरांचं गणित कच्चं हाय.’