इंजिन निर्दोष आहे

अमेरिकेतल्या कुठल्याही लहानशा विमानतळावर शनिवारी सकाळी चक्कर टाका. शहाणी माणसं आपापली विमानं काढून शेजारच्या गावी न्याहारीला निघालेली असतात. शंभर डॉलरचं बर्गर, असं तीच या न्याहारीला म्हणतात, पेट्रोल धरून. एका हँगरचं दार मात्र अर्धवट उघडं असतं आणि आत विमानाच्या नाकाखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतात. हा रोटरीवाला.

विमान त्याने घरी बांधलंय, यात नवल नाही. तिकडे हजारो लोक बांधतात. कायद्याची अट अशी, की निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं असावं, आणि तेही केवळ शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी. इथे शिक्षण त्याचं होतं, करमणूक आमची. कारण बाकीचे जिथे खास विमानासाठी बनवलेलं लायकमिंग बसवतात, तिथे याने भंगारातल्या माझदा आरएक्स-7 चं 13बी इंजिन आणून बसवलंय. वांकेल जातीचं, म्हणजेच रोटरी. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. दोन तिकोनी रोटर आणि त्यांच्यातून गेलेला एक दांडा. ‘‘हलणारे भाग तीन! बिघडणार काय?’’ हे तो नाव सांगण्याआधी सांगतो. हे इंजिन ज्याने काढलं त्या फेलिक्स वांकेलकडे गाडी चालवायचा परवाना नव्हता, हे मात्र दुसऱ्या कुणी तरी सांगावं लागतं.

इंजिन बिघडत नाही, हे खरंच आहे. विमान तेवढं उडत नाही.

त्याचं असं आहे, की ते तीन भाग माझदाने केले आणि भोवतालचं सगळं याने. इंजिन सहा हजार फेऱ्यांना खुलतं, पंख्याला साधारण 2700 च्या आत राहायचं असतं. म्हणून मधे गिअरबॉक्स. रोटर आतून तेलाने थंड होतात. म्हणून पाण्याचा रेडिएटर आहेच, शिवाय तेलाचा मोठा कूलर. रेडिएटर कसला, तर गाडीच्या एसीतली जाळी. धूर असा तापलेला निघतो की सायलेन्सरच्या आतले पत्रे तडकतात. एवढ्या पाहुण्यांत यजमान निर्दोष, हे सिद्ध करण्यात त्याचा शनिवार जातो, रविवारही जातो.

सध्याची तक्रार अशी, की चढताना पाण्याचं तापमान वर जातं आणि विमान सपाट उडायला लागलं की खाली येतं. रोटरीवाल्याला हे ऐकवताना चेहरा गंभीर ठेवावा, पण तो आतून खूश असतो. चढताना वेग कमी, म्हणजे हवा कमी, म्हणजे रेडिएटरच्या तोंडाचा आकार चुकला! लगेच पत्रा कापला जातो. इंजिनाच्या झाकणावर, म्हणजे काउलिंगवर, हवा कशी वाहते ते पाहायला लोकरीचे तुकडे चिकटवले जातात. जाळीच्या पुढे-मागे हवेचा दाब किती, हे पाहायला विमानाच्या वेगाचा जादा मीटर नळ्यांना जोडला जातो. आलेख तयार होतो. तो मागितला नाही तरी दाखवला जातो.

एका वेळी एकच बदल करावा, हा दोषशोधाचा पहिला नियम. तो त्याने हँगरच्या भिंतीवर लिहून लावलाय. त्या भिंतीखाली बसून तो नवा पत्रा, नवं कूलंट आणि नवा थर्मोस्टॅट एकदम बसवतो. फरक पडला तर कशाने पडला ते कळत नाही. नाही पडला तर तिन्ही गोष्टींवर संशय कायम.

इंजिनावर मात्र संशय घ्यायचा नाही. घेतलात तर तो एक स्पार्क प्लग काढतो, तुम्हाला स्टार्टर फिरवायला लावतो आणि स्वतः कान लावून नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखा डोळे मिटतो. रोटरच्या प्रत्येक फेरीला भोकातून हवेचे तीन फुसकारे निघतात. फुस्, फुस्, फुस्. तिन्ही सारखे आले तर रोटरच्या टोकांच्या पट्ट्या शाबूत. ‘‘ऐकलंस?’’ आपण ऐकलं म्हणायचं. मग 1991 सालची ल माँची 24 तासांची शर्यत निघते. माझदाने ती रोटरीवरच जिंकली, हे बिनतोड आहे. त्यांच्याकडे रेडिएटर बसवायला अख्खा कारखाना होता आणि याच्याकडे शेजाऱ्याची शिडी आहे, हे त्या वेळी बोलू नये.

अखेर दोष सापडतो. पॅनेलची अर्थची वायर. तिचं टोक बोल्टखाली रंगाच्या थरावर आवळलेलं, आणि रंगातून वीज धड जात नाही. चढताना खबरदारी म्हणून पेट्रोलचा दुसरा पंप चालू करायचा, त्याचा करंट याच वायरने परतायचा, आणि मीटर भलतंच दाखवायचा. पाणी तापतच नव्हतं, नुसता काटा तापत होता. रंग कुणी दिला होता, हे हँगरमधल्या सगळ्यांना ठाऊक असतं. तो मात्र पान्हा वर करून ओरडतो, ‘‘सांगत होतो ना, इंजिन निर्दोष आहे!’’ आणि खरोखरच असतं, हीच तर पंचाईत.

आता पुन्हा चाचणीची उड्डाणं, घरी बांधलेल्या विमानाला ती सक्तीची. प्रमाणित इंजिन-पंख्याची जोडी असती तर 25 तासांच्या उड्डाणांत भागलं असतं. गाडीच्या इंजिनाला 40 लागतात. याला त्याचं दुःख नाही. उलट काटा जागेवर स्थिरावला की त्याला करमत नाही, आणि पुढच्या शनिवारी गिअरबॉक्समधून आवाज ऐकू यायला लागतो.

पुढेमागे त्याने विमानात बसायला बोलावलं तर जरूर जा. हे विमान हौशी बांधणीचं असून प्रमाणित विमानांच्या सुरक्षा नियमांत बसत नाही, अशी पाटी समोर दिसेल. ती कायद्यानेच लावावी लागते, तिला भिऊ नका. पण ‘‘पाच मिनिटं टॉर्च धरतोस का?’’ असं विचारलं, तर डबा बरोबर घेऊन जा.