कमी हरण्याचं शास्त्र

लास व्हेगासच्या कसिनोंत ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या ‘बेसिक स्ट्रॅटेजी’चा तक्ता दुकानात विकत मिळतो आणि तो टेबलावर बघून खेळायलाही सहसा हरकत नसते. आपल्याला बुडवणारी गोष्ट मालक स्वतःच का विकेल, हा प्रश्न तक्ता घोकणाऱ्यांना पडत नाही. तक्ता खोटा नाही. अमेरिकी सैन्यातल्या चौघांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेलं ते चोख गणित आहे. डीलरचा दश्शा दिसतोय आणि आपल्या पानांची बेरीज सोळा झालीये, तर आणखी पान घ्या, असं तो सांगतो. घेऊनही बहुतेकदा हरताच, फक्त जरा कमी. सगळं बिनचूक पाळलं, तरी चांगल्या नियमांच्या टेबलावरही कसिनोची सरशी सुमारे अर्धा टक्का उरतेच.

अर्धा टक्का म्हणजे किस झाड की पत्ती, असं कुणी म्हणेल. पण तो प्रत्येक डावावर लागतो, आणि तासाला डझनावारी डाव होतात. शिवाय १० डॉलर लावून ‘ब्लॅकजॅक’ (एक्का आणि दहाचं पान) लागल्यावर १५ ऐवजी १२ डॉलर देणारं टेबल निवडलं, की तक्त्याची बरीचशी पुण्याई तिथेच संपते. डीलरचा एक्का दिसत असताना त्याला ब्लॅकजॅक लागेल अशी वेगळी पैज, म्हणजे ‘इन्शुरन्स’, घेतला तर तेरांत साधारण चारदा दुप्पट मिळतं, नऊदा पैसे जातात. पानं मोजून जिंकता येतं, हे गणितज्ञ एडवर्ड थॉर्पने १९६२ साली पुस्तक लिहून दाखवलं, हे खरं. पण तसं जिंकणाऱ्याला कसिनो दरवाजा दाखवतो. ज्याला तो आग्रहाने बसवून घेतो, त्याने काय ते समजावं.