टू की आयएनजी?

नारायण पेठेत तुम्हाला कुणी हटकलं, तर दोनच कारणं संभवतात: गाडी चुकीची लावली किंवा क्रियापद चुकीचं लावलं. गाडीवाल्याच्या तावडीतून दहा मिनिटांत सुटका होते. क्रियापदवाले म्हणजे सर.

सर म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. मोदी गणपती ते माती गणपती या टापूत वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये त्यांचा एखादा तरी नमुना सापडतोच. हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात लाल पेन. विशेष म्हणजे सर स्वतः इंग्रजी बोलत नाहीत. बोलणाऱ्यांवर लक्ष ठेवतात.

त्यांचं दैवत एकच, इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक लिहिणारे रेन आणि मार्टिन. त्यातले पी. सी. रेन कराचीच्या हायस्कुलात हेडमास्तर होते, पूना व्हॉलंटिअर रायफल्समध्ये कॅप्टन होते आणि 1924 मध्ये ‘बो जेस्ट’ नावाची कादंबरी लिहून जगभर गाजले. सरांच्या लेखी हे सगळं किरकोळ. ‘‘व्याकरणातून सवड मिळाली की माणूस काहीतरी करतोच,’’ असं ते मोठ्या मनानं म्हणतात.

पाहुण्याला केसरीवाडा दाखवायला नेतात, तेही काळ तपासायला. पाहुणा कौतुकानं म्हणतो, ‘‘म्हणजे 1881 पासून केसरी इथूनच निघतोय!’’ सर जागीच थबकतात. ‘‘केसरी 1881 सालचा, पण हा वाडा टिळकांनी घेतला 1905 मध्ये. ‘हॅज बीन’ लावायचं तर ‘सिन्स’च्या पुढचा आकडा आधी बघावा.’’ पाहुणा तेव्हापासून नुसती मान डोलावतो. मान डोलवण्याला काळ नसतो.

सरांच्या मते माणसाचा स्वभाव पत्रिकेत नसतो, क्रियापदाच्या शेपटीत असतो. घरातला नळ गळायला लागला की ते बादलीआधी सिद्धांत मांडतात. ‘‘प्लंबरला ‘मेड’ म्हणजे दटावून करायला लावलं. ‘हॅड’ म्हणजे काम सांगितलं, त्यानं केलं, व्यवहार संपला. ‘लेट’ म्हणजे त्याला करायचंच होतं, आपण आडवे आलो नाही. आणि ‘गॉट’ म्हणजे हातापाया पडून करून घेतलं. आता गंमत बघा, पहिल्या तिघांना पुढं ‘टू’ लागत नाही, ‘गॉट’ला लागतो. विनवण्या आल्या की एक शब्द जास्त खर्च होतो!’’ पेठेत आजवर ‘गॉट’शिवाय एकही प्लंबर आलेला नाही, हे मात्र काकू सांगतात, कारण फोन त्याच करतात.

काकूंचं एक बरं आहे, त्यांना व्याकरणाची बाधा नाही. एकदा स्वारगेटला एसटीत बसल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘अहो, कुलूप लावायचं लक्षात होतं ना?’’ सर खुलले. ‘‘प्रश्न दोन आहेत. ‘रिमेंबर्ड टू लॉक’ म्हणजे आठवणीनं लावलं. ‘रिमेंबर लॉकिंग’ म्हणजे लावल्याचं आत्ता आठवतंय. पहिलं झालं असणारच. दुसऱ्याबद्दल...’’ दुसऱ्याबद्दल ऐकायला काकू गाडीत नव्हत्या. पिशवी घेऊन त्या रिक्षा स्टँडकडे निघाल्या होत्या.

हल्ली सरांना सुगीचे दिवस आले आहेत. पेठेत कॉट बेसिसवर राहून लोकसेवा आयोगाची परीक्षा देणारी पोरं अभ्यासिकेतून चहाला उतरतात आणि टपरीवर आयती सापडतात. एकाला मुलाखतीचा सराव हवा होता. त्यानं छाती पुढं काढून सांगितलं, ‘‘सर, आय यूज्ड टू स्टडी ट्वेल्व्ह अवर्स!’’

‘‘मग सोडलास का?’’

‘‘नाही सर, रोज करतोय.’’

‘‘वाक्यात सोडलायस. ‘यूज्ड टू स्टडी’ म्हणजे पूर्वी करायचास, आता सुटलं. ‘अ‍ॅम यूज्ड टू स्टडीइंग’ म्हणजे सवय अंगवळणी पडली. अधिकारी व्हायला आलायस की कबुली द्यायला?’’ पोरानं त्या दिवशी मेसचं जेवण अर्धं टाकलं.

परवा मात्र वेगळंच घडलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी इंग्रजीत नोटीस लावली: ‘मेंबर्स शुड स्टॉप टू टॉक ऑन द स्टेअरकेस.’ सरांनी ती तंतोतंत पाळायचं ठरवलं. संध्याकाळभर जिन्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी गप्पा. सेक्रेटरी वैतागून म्हणाले, ‘‘अहो, जिन्यात बोलत थांबू नका, असं लिहिलंय ना?’’

‘‘नाही. बोलण्यासाठी थांबा, असं लिहिलंय. तुम्हाला ‘स्टॉप टॉकिंग’ म्हणायचं होतं. ‘टू’ लावला की थांबून ते काम करायचं, ‘आयएनजी’ लावला की ते काम बंद करायचं. ही सोय फक्त इंग्रजीत!’’ आणि लाल पेन बाहेर निघालं.

वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारा परभणीचा एक पोरगा डबा घेऊन चालला होता. तो म्हणाला, ‘‘फक्त इंग्रजीत कसं सर? आपल्यात पण आहे की. बोलायला थांबला, बोलायचा थांबला.’’

सरांनी पेनाचं टोपण लावलं.

‘‘उलट आपल्यात तिसरंपण आहे,’’ पोरगा सहज म्हणाला. ‘‘बोलत थांबला. आता ह्यात तर बोलणं चालूच राहतंय, सर. तुमच्या पुस्तकात ‘स्टॉप’ घालून हे बसवून दाखवा.’’

सर बोलायचे थांबले. सेक्रेटरींनी हे दृश्य पहिल्यांदाच पाहिलं आणि संधी साधून ते घरात शिरले. पोरगाही निघाला, तसं सर खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘अरे, बोलायला थांब जरा.’’ आणि मग ‘स्टेअरकेस’वर, नोटिशीच्या बरोबर खाली, पोराचा डबा गार होईपर्यंत दोघं बोलत थांबले.