चार दगडांना एक वीट

जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, हे प्रस्तुत लेखकाला ठाऊक होतं. अडचण एवढीच, की त्याला ते ठाऊक आहे हे दुकानात कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून त्याने नव्या मालाच्या फडताळातून एक खंड उचलला, काउंटरवरच्या मुलीला नीट दिसेल अशा बेताने तो उभा राहिला आणि अडाण्यांना जी बाजू मागची वाटते तिकडून त्याने तो सराईतपणे उघडला. मुलगी फोनवर कुणाला तरी पार्सल अजून आलेलं नाही म्हणून समजावत होती. खाली फतकल मारून वाचत बसलेल्या दोन शाळकरी पोरांनी मात्र पाहिलं.

"काका, तो सत्तावन्नावा आहे," एक जण म्हणाला. "पहिला वरच्या कप्प्यात असेल."

तो 'वन पीस' होता. एइचिरो ओदा यांनी ही चाच्यांची गोष्ट १९९७ साली सुरू केली; खंडांनी शंभरी केव्हाच ओलांडली, आणि गोष्ट चालूच आहे. केतकरांनी ज्ञानकोश तेवीस खंडांत आटोपला, तोही सगळं जग आत घेऊन. हे वाक्य लेखकाला स्वतःलाच इतकं आवडलं, की त्याने ते नववीतल्या भाचीला ऐकवलं आणि ती हसली नाही म्हणून जरा मोठ्याने पुन्हा ऐकवलं. "मामा, तू वाचलायस ज्ञानकोश?" तिने विचारलं. हल्लीच्या भाच्यांना मुद्द्यावर यायची फार घाई.

मग त्याने किमोनोचं अस्त्र काढलं. पूर्वी अमेरिकेत मांगा छापताना वाचकांच्या सोयीसाठी पानंच्या पानं उलटी फिरवत. त्यामुळे सगळे तलवारबहाद्दर डावखुरे होऊन बसले. त्याहून वाईट म्हणजे किमोनोचे पदर फिरले. किमोनोत डावा पदर वर यावा लागतो. उजवा वर येतो तो प्रेताला नेसवताना. म्हणजे परदेशी आवृत्तीत धडधाकट माणसं तिरडीच्या पोशाखात चहा पीत होती! लेखकाने हे सगळं रंगवून सांगितलं. एव्हाना फोन ठेवलेली काउंटरवरची मुलगी "हो ना," म्हणाली, "म्हणून तर आता फिरवत नाहीत." आणि तिने स्टिकर लावायला घेतले.

दुकानाच्या दुसऱ्या भिंतीला बोर्ड गेम होते. वीस पैलूंचे फासे सुटे मिळत होते. १९७४ साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'साठी ते लागतात. त्यात प्रत्येकाने एक पात्र व्हायचं असतं. चेटक्या, योद्धा, चोर वगैरे. समीक्षक नव्हता. लेखक पुढे सरकला.

आणि इथे त्याला सापशिडी दिसली, म्हणजे आता मोक्षपटाबद्दल बोलणं भाग आहे. भाग आहे असं नाही, पण लेखकाला अडवणारा अजून जन्माला यायचाय. आजची सापशिडी ज्या खेळांपासून निघाली त्या कुळातला आपल्याकडचा पट तो मोक्षपट. परंपरा तो थेट ज्ञानेश्वरांच्या नावावर घालते. भांडारकर संस्थेत ग्रंथपाल असलेल्या वा. ल. मंजुळांनी जुन्या हस्तलिखितांतून असे पट उजेडात आणले. कवड्या टाकून खेळायचं, सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, आणि साप जास्त, शिड्या कमी. हा हिशेब लेखकाला फार पटतो. त्यात संतांचा माणसांविषयीचा अनुभव दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ इंग्लंडात पोहोचला आणि पुढे तिथे सापशिड्यांची संख्या सारखी झाली, जणू पाप-पुण्याचा ताळेबंद जुळलाच पाहिजे. अमेरिकेत १९४३ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीने तर साप हाकलून घसरगुंड्या बसवल्या. मोक्ष गेला, बाग राहिली. पचिसीचं तेच. इंग्लंडात तिचा लूडो झाला आणि १८९६ साली त्याचं पेटंटही निघालं. बुद्धिबळापर्यंत लेखक येणारच होता, पण भाचीने त्याची बाही ओढली. तिला पुढचं सगळं माहीत होतं.

काउंटरवरच्या मुलीने मात्र या वेळी खरंच ऐकलं. तिने वही ओढली, पेनाचं टोपण काढलं. "मस्त आहे काका. मोक्षपट ना? पब्लिशर कोण? पुढच्या ऑर्डरमध्ये टाकते."

लेखकाने खाकरून पाहिलं. नावच सुचेना.

ज्या खेळाचा अभिमान आपण कुठल्याही लग्नाच्या पंगतीत मिरवू शकतो, तो विकत कुठे मिळतो हे सांगता येऊ नये? या कुळातल्या खेळांवर चिकाटीने डॉक्टरेट केली तीही कोपनहेगनमधल्या एका अभ्यासकाने. कॉमिक्सच्या भिंतीची तीच कथा. 'अमर चित्र कथा' १९६७ साली अनंत पैंनी सुरू केली, तिच्या गाजलेल्या चित्रकारांत राम वाईरकर होते, प्रताप मुळीक होते. इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ मराठी बोलायचा. १९९०मध्ये ती मालिकाच संपली. चांदोबा गेला. उरला चिंटू, १९९१ साली 'सकाळ'मध्ये आलेला. पण त्याचे संग्रह या दुकानात नव्हते, आणि असते तरी चौदा वर्षांच्या मुलीला ते पुरले नसते. तिला लांबलचक, गुंतागुंतीची, जिवाला घोर लावणारी गोष्ट चित्रांतून हवी आहे. जपान ती देतो, अमेरिका तिचं इंग्रजी करते, आणि घरात अस्सल मराठीत भांडणारी ही पोर ती इंग्रजीतून वाचते. त्या भिंतीवर मराठीचं एक अक्षर नव्हतं. ते नाही, हे तिच्या लक्षातही आलेलं नव्हतं. लेखकाला लागलं ते हे. त्यावर विनोद करून पाहिला, जमला नाही.

रिकाम्या हाताने बाहेर पडणं शोभलं नसतं. लेखकाने 'कटान' घेतला. क्लाउस टॉयबर या जर्मन गृहस्थाचा दातांच्या प्रयोगशाळेचा व्यवसाय होता. फावल्या वेळात तो घरच्या तळघरात खेळ रचत बसे. १९९५ साली कटान आला आणि त्याच वर्षी जर्मनीत वर्षाचा सर्वोत्तम खेळ ठरला. किंमत पाहिल्यावर लेखकाला दातांशी असलेलं त्याचं नातं पटलं.

रविवारी ताईकडे पट मांडला. षटकोनी एकोणीस तुकड्यांचं बेट. जंगलातून लाकूड, टेकडीतून विटा, कुरणातून लोकर, शेतातून गहू आणि डोंगरातून खनिज, ज्याला भाची सरळ दगड म्हणते. पहिल्या दोन वस्त्या कुठे वसवायच्या ते आपण ठरवायचं. लेखकाने सह्याद्री, गडकोट आणि गनिमी कावा यांवर थोडक्यात, म्हणजे त्याच्या मते थोडक्यात, विवेचन केलं आणि दोन्ही वस्त्या डोंगरांना खेटून वसवल्या. ताईने मटार सोलता सोलता विटांची टेकडी धरली.

अर्ध्या तासात लेखकाकडे दगडच दगड झाले. रस्ता बांधायला मात्र लाकूड आणि वीट लागते.

"ताई, एक वीट दे."

"कशाच्या बदल्यात?"

"दगड."

"नको."

"मामा, बँक देते की," भाची म्हणाली. "चार दगडांना एक वीट."

हा दर लुटारूपणाचा आहे, असं लेखकाने जाहीर केलं, युरोपीय व्यापाराच्या इतिहासातले दाखले दिले आणि व्यवहार न करता बाणेदारपणे पाळी सोडली. ताईने एक रस्ता बांधला, भाचीने वस्ती. फासे पुन्हा लेखकाकडे आले. पडले सात. सात पडले की ज्याच्या हातात सातांहून जास्त पत्ते असतील त्याने निम्मे बँकेत टाकायचे. लेखकाच्या हातात आठ होते, आठही दगड. चार गेले, फुकट.

वर दरोडेखोर हलवायची जबाबदारीही त्याचीच. तो विटांच्या टेकडीवर बसवला की ताईच्या विटा बंद, शिवाय तिच्या हातातला एक पत्ता ओढता येतो. भाची डोळ्यांनी तिकडेच खुणावत होती. पण मटारउसळ अजून चुलीवर चढायची होती, आणि लेखक रात्री जेवायला तिथेच थांबणार होता.