साहेब, जाऊ नका!

विमान कंपनीत सगळ्यात अवघड काम कोणतं? वादळात विमान उतरवणं, असं सामान्य माणूस सांगेल. त्याला काय कळतंय! सगळ्यात अवघड काम म्हणजे मोठ्या साहेबांना खुर्चीत बसवून ठेवणं. ते सारखे उठून जायला बघतात. निदान टेक्ससमधल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या संचालक मंडळाला २००२ साली तशी दाट शंका होती.

त्या वर्षी मूळ कंपनीला साडेतीन अब्ज डॉलरचा तोटा झाला. एवढा तोटा हाताखालून गेलेली अनुभवी माणसं म्हटल्यावर त्यांना पळवायला दाराशी रांग लागणारच. म्हणून ठरलं, की वरच्या सहा अधिकाऱ्यांनी जानेवारी २००५पर्यंत कुठेही न जाता इथेच थांबावं आणि त्याबद्दल मूळ पगाराच्या दुप्पट रक्कम घ्यावी. कामाचा पगार वेगळा, हे नुसतं न जाण्याचे पैसे. शिवाय कंपनीने दिवाळं काढलंच, तर ४५ वरिष्ठांचं म्हातारपण उघड्यावर पडू नये म्हणून ४ कोटी १० लाख डॉलर एका ट्रस्टमध्ये अलगद बाजूला काढून ठेवले.

याच कंपनीचे एके काळचे प्रमुख बॉब क्रँडल यांनी पहिल्या वर्गाच्या सॅलडमधला एक ऑलिव्ह कमी करून वर्षाला ४० हजार डॉलर वाचवले, असं सांगतात. व्यवस्थापनाच्या वर्गांत हा किस्सा अजून भक्तिभावाने ऐकवला जातो. त्या हिशेबाने ट्रस्टची रक्कम भरून निघायला १,०२५ वर्षं ऑलिव्ह वेचत बसावं लागलं असतं. तेवढा धीर कुणाला? त्यापेक्षा वैमानिक बरे.

कारण वैमानिक पळत नाही. पळून जाणार कुठे? अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांत त्याचं सगळं नशीब सीनियॉरिटीच्या यादीवर टांगलेलं असतं. कोणतं विमान, कोणता मार्ग, नाताळात सुट्टी की ड्युटी, कॅप्टनची खुर्ची कधी, हे सगळं रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरतं. वीस वर्षं घासलेला कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला तर तिथे यादीच्या तळाशी, काल आलेल्या पोरांच्या मागे, को-पायलट म्हणून. (ही यादी संघटनांनीच प्राणपणाने जपली आहे, हेही नोंदवून ठेवू.) तेव्हा ज्याला जाताच येत नाही, त्याला थांबण्याचे पैसे कोणता शहाणा देईल? उलट त्याच्याकडूनच घ्यावेत.

आणि घेतले. २००३च्या वसंतात कंपनी दिवाळखोरीच्या उंबऱ्यावर होती. वर्षाला १.८ अब्ज डॉलर वाचवायचे होते, त्यातले १.६२ अब्ज तीन संघटनांनी सोडायचे. एकट्या वैमानिकांच्या वाट्याला ६६ कोटी आणि पगारात २३ टक्के कपात. सगळ्यांनी मिळून त्याग करायचा, असं वातावरण होतं. त्यागाच्या वेळी ‘आपण सगळे’ म्हणणारा माणूस सहसा माइकच्या अलीकडे असतो.

या कपातीवरचं संघटनांचं मतदान १५ एप्रिलला संपायचं होतं. कंपनीचा वार्षिक अहवालही, मुदत वाढवून घेऊन, नेमका त्याच दिवशी सरकारदरबारी दाखल झाला. याला म्हणतात मुहूर्त! वैमानिकांनी होकार दिला, जमिनीवरच्या कामगारांनी दिला. केबिन कर्मचाऱ्यांनी आधी नकार दिला. मग मतदान एक दिवस लांबलं आणि तेही हो म्हणाले. त्यानंतर लोकांनी अहवालाची पानं उलटली, तर आत न जाण्याचे पैसे आणि तो ट्रस्ट.

बोंब झाली. प्रमुख डॉन कार्टी यांनी माफी मागितली, बोनस रद्द झाला. ट्रस्टला मात्र कुणी हात लावला नाही. आणि २४ एप्रिलला कार्टींनी राजीनामा दिला. ज्यांनी जाऊ नये म्हणून एवढा खटाटोप, ते मुदतीच्या पावणेदोन वर्षं आधीच गेले.

वैमानिकांची संघटना इतकी बलाढ्य म्हणतात, मग तिने तेव्हाच संप का नाही केला, असं कुणी विचारेल. तो अमेरिकेत विमानवाल्यांना असा सहजासहजी करता येत नाही. त्यांना लागू आहे रेल्वेसाठी केलेला १९२६चा कायदा. त्यात करार कधी संपतच नाही, फक्त दुरुस्तीला पात्र होतो. मग वाटाघाटी, मग सरकारी मध्यस्थ, मध्यस्थाने सोडलं तर तीस दिवस डोकी थंड करायची, आणि एवढं करून संप पुकारलाच तर राष्ट्राध्यक्ष आडवे येऊ शकतात. फेब्रुवारी १९९७मध्ये याच कंपनीच्या वैमानिकांनी मध्यरात्री संप सुरू केला आणि क्लिंटन यांनी काही मिनिटांत तो थांबवला. साहेबांचा पगार संचालकांची समिती ठरवते. तिथे डोकी थंड करण्याचे तीस दिवस नाहीत. डोकी मुळातच थंड असतात.

एवढा त्याग करूनही नोव्हेंबर २०११मध्ये दिवाळखोरी आलीच. प्रमुख जेरार्ड आर्पी एक छदामही भरपाई न घेता घरी गेले. असा माणूस या धंद्यात इतका वर कसा चढला, याची चौकशी व्हायला हवी. कंपनीला आता कर्मचाऱ्यांची पेन्शन पार मोडीत काढायची होती. संघटना आणि सरकारी पेन्शन हमी महामंडळ अडून बसलं, म्हणून गोठवण्यावर निभावलं.

मग यूएस एअरवेजशी विलीनीकरण ठरलं आणि नवे प्रमुख टॉम हॉर्टन यांच्या जाण्याची वेळ आली. आपल्याकडे अशा वेळी शाल आणि नारळ देतात. हॉर्टन यांच्यासाठी सुमारे २ कोटी डॉलर ठरले, या खेपेला जाण्याबद्दल. मार्च २०१३मध्ये दिवाळखोरी न्यायालयाचे न्यायाधीश शॉन लेन यांनी ती रक्कम मंजूर करायला नकार दिला.

बिचाऱ्या हॉर्टनना संघटनाच नव्हती.